कॉम्प्युटर तुम्ही धरा

आमच्या डोंगरावरच्या पॅरामिन गावाच्या चढावर जीप वळली, आणि माझ्या कडेवरचं बाळ नि मांडीवरचा कॉम्प्युटर, दोन्ही एकदम घसरायला लागले.

शेजारच्या तरुणाने पटकन हात पुढे केले. "द्या इकडे... मी धरतो बाळाला."

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. स्वच्छ नखं, हसरे डोळे, खिशात स्क्रू-ड्रायव्हर. पण शेवटी अनोळखीच की!

"बाळ नको. कॉम्प्युटर तुम्ही धरा."

सगळी जीप हसली. त्याने मात्र ते जुनं धूड जपून मांडीवर घेतलं. "बायका मूल माझ्याकडे देतात आणि पर्स घट्ट धरतात. तुमचं वेगळंच दिसतंय."

"पर्समध्ये आहेच काय माझ्या!"

"आणि यात?"

"यात माझं गाणं आहे," मी म्हणाले. "म्हणजे... असायला हवं."

त्याचं नाव केरॉन. चर्चमधले माइक-कर्णे तोच सांभाळायचा. चढ संपेपर्यंत त्याने माझ्याकडून सगळी हकीकत काढून घेतली. नाताळात आमच्या डोंगरावर गाणाऱ्यांचे ताफे रात्रभर घरोघर फिरतात. टँटी मर्लच्या, म्हणजे आमच्या मर्ल मावशीच्या, ताफ्यात मुख्य आवाज माझा होता. पण अनाईस झाली, तिचा बाप टोरांटोला गेला तो तिथेच रमला, आणि माझं रात्रीचं बाहेर पडणं थांबलं. यंदा टँटीने ताफ्याची गाणी ध्वनिमुद्रित करायला घेतली होती. मला म्हणाली, "घरी गा, जोसेट. पण रविवारपर्यंत स्वच्छ आवाज दे. नाहीतर माझी भाची तयारच बसलीय."

"आणि हा कॉम्प्युटर खरखरतो, अडखळतो," मी केरॉनला म्हणाले. "शहरातला दुकानदार म्हणाला, नवा घ्या."

"दुकानदार असंच म्हणणार," केरॉन म्हणाला. "शनिवारी येऊ?"

शनिवारी तो आला, आणि तासभर नुसता मान हलवत बसला.

"पत्त्यांचे खेळ, मैत्रिणीच्या लग्नाचे फोटो, कॉलेजचे निबंध... अहो, हा कॉम्प्युटर आहे की माळा?"

"हसू नका. सगळं लागतं मला."

"लागू दे. पण गाताना नाही. तेव्हा याच्या घरी एकच पाहुणा."

एकेक करून त्याने सगळं दुसऱ्या डिस्कवर हलवलं. इंटरनेटची वायर काढली. मध्येच झोपायचं नाही, मध्येच स्वतःला सुधारत बसायचं नाही, असं त्या यंत्राला बजावलं. पंख्याची घरघर माइकमध्ये जात होती, म्हणून लांब वायरी लावून ते धूडच स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. भिंतीला माझी गादी टांगली. हेडफोनमध्ये माझाच आवाज मला उशिराने ऐकू यायचा, जणू पलीकडच्या डोंगरावरून कुणी माझी नक्कल करतंय. त्याने कुठलासा आकडा कमी केला, आणि आवाज थेट माझ्या ओठांपाशी आला.

"आता?"

"आता... माझा वाटतोय." मी डोळे वर केले. "तुम्ही माइककडे बघताय की—"

"माइककडेच!" त्याचे कान लालबुंद झाले.

मी गायला लागले. तिसऱ्या ओळीत कानात 'टिक' झालं. पुन्हा गायले. पुन्हा टिक.

केरॉन स्वयंपाकघरात जाऊन खूप वेळ कॉम्प्युटरच्या पडद्यात डोकं घालून बसला. मग हाक आली, "जोसेट... हे काय?"

पडद्याच्या कोपऱ्यात पाळण्यावरच्या कॅमेऱ्याची एक छोटीशी चौकट उघडली होती. तिच्यात पाळणा, मच्छरदाणी, आणि अनाईसचं इवलंसं पाऊल.

"ते बंद होणार नाही," मी म्हणाले. "ती झोपेत पालथी होते. गातानाही दारातून मला दिसत राहायला हवं."

"टिक त्यातूनच येतेय." तो हसला नाही. "हा बिचारा डोळ्याने तिला बघतोय, कानाने तुम्हाला ऐकतोय. दोन्ही एकदम नाही जमत त्याला. आणि... तुम्हाला तरी कुठे जमतंय?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. खरं तर त्या तिसऱ्या ओळीत माझाही श्वास दर वेळी अडायचा.

तेवढ्यात अनाईस रडत उठली. मी तिला घेऊन आले. वाटलं, आता हा हात पुढे करणार. केरॉनने ते मुद्दाम पाठीमागे बांधले होते. तो फक्त उभा होता. डोंगरावरून उतरलेलं धुकं दारातून आत येत होतं, आणि तो काहीच मागत नव्हता.

"धरशील?" मी विचारलं.

"कॉम्प्युटर?"

"वेड्या... अनाईसला."

त्याने तिला दोन्ही हातांनी अलगद घेतलं.

"मान सांभाळ. टोपी काढू नकोस. रडली तर—"

"तर मी ओरडेन. अख्ख्या पॅरामिनला ऐकू जाईल. तू गा."

तो व्हरांड्यात गेला. मी ती चौकट बंद केली. व्हरांड्याकडची खिडकी मात्र बोटभर उघडी ठेवली. अगदी बोटभरच! मग डोळे मिटून गायले. तिसरी ओळ आली, गेली... कुठे काही अडलं नाही.

रविवारी टँटी मर्ल व्हरांड्यात बसून ऐकत होती. गुडघ्यावर बोटांनी ठेका चालला होता. शेवटचा सूर विरला आणि तिने डोळे पुसले.

"तूच गाणार, पोरी. भाचीला मी सांगते काय ते." मग तिने एकदम कान टवकारले. "थांब... हे काय?"

सूर विरल्यावरच्या शांततेत, त्या बोटभर फटीतून, एक पुरुषी गुणगुण ऐकू येत होती. अंगाईच असावी. एकही सूर धड नव्हता. आणि त्यावर अनाईस खिदळत होती.

"मागे हा बेसूर कोण गं? कापून टाक तेवढं!"

केरॉन धडपडत उठला. अनाईसने त्याची कॉलर मुठीत गच्च धरली होती. "कापतो, टँटी. एका मिनिटाचं काम—"

"बस खाली," मी म्हणाले. "कापायचं नाही. तो आमचाच आहे."

टँटी मोठ्याने हसली. केरॉनला मात्र ते कळायला जरा उशीर लागला. आधी कान लाल झाले... मग हळूच, मागून, हसू आलं.