पायाखालून गेलेली गाडी

घरं किती हलतात हे मोजणं, हा माझा पोटापाण्याचा धंदा. दोन लांबच्या शहरांमध्ये वेगवान रेल्वेचा मार्ग बांधला जात होता; सात तासांचा प्रवास दोन तासांवर येणार होता. गाडी सुरू झाली की लोक भिंतीला तडे गेल्याच्या तक्रारी घेऊन येणार, म्हणून ती सुरू होण्याआधीच मार्गालगतच्या घरांत आठवडाभर मीटर ठेवून जमिनीची कंपनं नोंदवायची. मीटर फार तिखट कानाचा. पावलं, आपटलेलं दार, रस्त्यावरचा ट्रक, सगळं आलेखावर उमटतं.

रेल्वेच्या उंच पुलाच्या एकशे बाराव्या खांबाला लागूनच एका शिंप्याचं घर होतं. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, कात्रणांचा ढीग आणि एकच खुर्ची, ती माझ्या वाट्याला आली. काका ठार बहिरे. त्यांना काही सांगायचं तर सून पाटीवर लिहायची. ते स्वतः मात्र खणखणीत आवाजात बोलायचे, पार कोपऱ्यावरच्या दुकानात ऐकू जाईल असे.

पहिल्या दिवशी सव्वाअकराच्या सुमाराला काकांनी पायडल थांबवलं, कापडावरचा हात उचलला, क्षणभर तसेच बसले आणि पुन्हा शिवायला लागले.

"काय झालं?" मी सुनेला विचारलं.

"काही नाही हो ताई. गाडी जाताना टाका चुकतो म्हणतात."

"कुठली गाडी?"

तिनं खिडकीतून वर पुलाकडे पाहिलं आणि कसनुसं हसली. वर रूळ बसले होते, पण त्यांवरून अजून साधी हातगाडीसुद्धा गेली नव्हती.

ऑफिसात येऊन मी आलेख उघडला. अकरा वाजून सोळा मिनिटांनी सुरू झालेली, नऊ सेकंद टिकलेली कंपनं. दुसऱ्या मार्गांवरच्या अशा नोंदी मी शेकड्यांनी पाहिल्या होत्या. एकामागून एक डबे मोजता येत होते. दहा.

मी मीटरला दोष दिला. दुसऱ्या दिवशी दुसरा मीटर नेला. अकरा सोळा, नऊ सेकंद. तिसऱ्या दिवशी दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. दोघांनीही तेच दाखवलं.

चौथा दिवस गुरुवार होता. शुक्रवारी मार्गावर पहिली चाचणी व्हायची होती आणि गाडी चालवणार होता माझा दादा. आई-वडील गेल्यावर त्यानंच मला वाढवलं. स्वतःचं शिक्षण सोडलं आणि माझं पुरं केलं. आठवडाभर तो नुसता हवेत होता.

अकरा सोळाला काका थांबले. मी पडद्याकडे पाहत होते. आलेख उसळला आणि चौथ्या सेकंदाला तुटला.

सरळ रेष.

मग बारीक उंचवटे. सारख्या अंतरानं, एकामागून एक.

काकांनी पायडलवरचा पाय काढून जमिनीवर टेकवला होता. ते बोलले तेव्हा आवाज इतका खाली गेला होता की सूनही दचकली.

"आज गाडी पुढे गेलीच नाही. एकच माणूस उतरला. इथून चालत गेला."

सुनेनं पाटीवर लिहिलं, 'कुठे?'

"घरीच गेला असेल. दुसरीकडे कुठे जाणार?"

मी बाहेर येऊन साहेबांना फोन लावला आणि नोकरीतलं पहिलं खोटं बोलले. "एकशे बाराव्या खांबाची नोंद बिघडलीय. पाया तपासल्याशिवाय उद्या गाडी सोडू नका."

"तुला कळतंय का काय बोलतेस?"

"कळतंय. लेखी देते."

दुपारी माणसं आली, कुरकुरत. चारच्या सुमाराला कुरकुर थांबली. खांबाखालची माती वाहून जाऊन माणूस उभा राहील एवढी पोकळी झाली होती. चाचणी पुढे ढकलली.

दुसऱ्या दिवशी मी काकांकडे गेले. त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि रडले. मी कशाबद्दल रडतेय ते सुनेनं पाटीवर लिहून दाखवलं.

"मी काय केलं?" काका म्हणाले. "टाका चुकला, म्हणून थांबलो. थांबायचं कुणासाठी, ते तू ओळखलंस."

त्या माणसाचे उपकार या जन्मात फिटणार नाहीत. आजही सकाळी दादाचा डबा भरताना मला त्यांची आठवण येते.

खांब दुरुस्त व्हायला दोन महिने लागले. मग दादानंच गाडी नेली, सुखरूप आणली. आता ती रोज धावते.

गेल्या रविवारी मीटर तपासायला घरी आणला होता. स्वयंपाकघराच्या फरशीवर ठेवला. मी ओट्याशी गेले, आलेख हलला. वहिनी पाणी घेऊन आली, हलला. पुतणी उड्या मारत आली आणि आलेखाची पार दाणादाण उडवून गेली.

मग बाहेरच्या खोलीतून दादा आला. दहा-बारा पावलं टाकत, मीटरच्या अगदी जवळून.

रेष सरळ राहिली.

"काय गं, जेवायला वाढतेस ना?" तो म्हणाला.

मी मीटर बंद केला, पेटीत ठेवला, त्याला वाढलं. तो पोटभर जेवला. माझ्या डोळ्यांसमोर बसून जेवला. मला तेवढं पुष्कळ होतं. वहिनीला मी काही बोलले नाही.

तो हात धुवायला उठला, तेव्हा पुतणी पाठमोरी चित्र काढत बसली होती. खांद्यावर हात पडताच ती केवढ्यानं तरी दचकली.

"बाबा," ती रुसून म्हणाली, "तू हल्ली येतोस ते कळतच नाही. आधीसारखं चाल ना."