गार हात

हसू नका रे. बायकांचा विषय निघाला की तुम्हा पोरांना हसू फुटतं. ज्याची ही गोष्ट, तो तर कानापर्यंत लाल व्हायचा. म्हणून आम्ही त्याला लाजाळूच म्हणायचो. बेकरीत माझ्या शेजारच्या भट्टीवर होता, रात्रपाळीला.

त्याच्या बायकोला नववा लागला. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलं, बाळ येतं त्या वाटेला रोज थोडं तेल लावून हलक्या हाताने मालिश करा, कातडी सैल पडते, फाटण्याची भीती कमी होते. पोटामुळे तिचा हात पोचेना. 'नवऱ्याने केलं तरी चालतं,' नर्सबाई म्हणाल्या, तर हा पठ्ठ्या उठून बाहेरच गेला!

पण बायकोच्या जिवाला घोर. तिची थोरली बहीण पहिल्या बाळंतपणात अशी फाटली होती की पुढे धड बसता येईना, लघवी थांबेना. नवऱ्याने माहेरी आणून टाकली. 'माझं तसं झालं तर मी जगायची नाही,' ही म्हणायची. शेवटी तिनेच तोड काढली. 'त्या बाळंतपणं करणाऱ्या जुन्या आयाबाई आहेत ना, त्यांना निरोप द्या. तुम्ही कामावर गेलात की येऊन करून जातील. दार लोटून ठेवीन.'

हा गेला. पायरीवर आयाबाईंचा मुलगा मित्रांना घेऊन बसलेला. 'काय काम होतं?' हा कानापर्यंत लाल. 'काही नाही, सहज,' म्हणाला आणि माघारी फिरला. घरी सांगितलं, 'दिला निरोप.'

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आला तर बायको हसतमुख. 'येऊन गेल्या हो. मी बाई लाजून डोळेच उघडले नाहीत. बोलत नाहीत फार. हात तेवढे गार आहेत.'

याला वाटलं, हिने थाप पकडली, आता फिरकी घेतेय. पांघरूण ओढून झोपला. पण ती रोज तेच सांगायची, आणि वाटीतलं तेल रोज उतरायचं. मग वाटलं, हिनेच परस्पर बोलावलं असेल.

एका संध्याकाळी, आमची पाळी लागता लागता, आयाबाई बेकरीत पाव घ्यायला आल्या. 'काय रे, बायको गरोदर ना? मालिशला मला बोलावलं नाहीस ते?'

याच्या हातातला ट्रे पडला. मी तिथेच होतो.

त्या रविवारी त्याने रजा टाकली. मागच्या थंडीतली गोष्ट. घराला आतून कडी लावली आणि खोलीच्या उंबऱ्यात बसला. बायकोला काय सांगणार? ती डोळे मिटून पडलेली. उशाशी तेलाची वाटी.

बारा वाजून सोमवार लागला असेल.

'आलात?' बायको म्हणाली.

कडी लावलेली होती.

'हो... आज कंबर दुखतेय...' ती डोळे मिटूनच म्हणाली.



तो वाटीकडे बघत होता. तेलात खळगा पडला. दोन बोटांएवढा. भरून आला. पुन्हा पडला...

   

तो जमिनीवर डोकं आपटायला लागला. 'कोण आहेस... माझं काय न्यायचं ते ने... तिला सोड... मी करतो... जळो माझी लाज, मी करतो...'

वाटी कलंडली.

बायको किंचाळली. कळा सुरू झाल्या होत्या.

त्याने मला फोन केला. बेकरीच्या टेम्पोतून आम्ही तिला नेलं. नर्सबाई थोड्या वेळाने बाहेर आल्या, चेहरा उतरलेला. 'बाळ मोठं आहे. डोकं अडलंय.' तो भिंतीला टेकून खाली बसला. 'माझ्यामुळे... माझ्यामुळे...' एवढंच. मीही हात जोडले. कोणाला, ते विचारू नका.

उजाडता उजाडता मुलगी झाली. 'एवढं मोठं बाळ, आणि एक टाका लागला नाही!' नर्सबाई म्हणाल्या. 'मालिश कोणी केली हो? हात चांगला आहे.'

लाजाळू ढसाढसा रडत होता.

'आणि ही बघा, जन्मल्यापासून मूठ सोडत नाही,' असं म्हणत त्यांनी आमच्यासमोरच बाळाचं एकेक बोट सोडवलं.

आत केस होता. हातभर लांब... पांढरा... तेलाने चिंब.