सिन्नरच्या वाटेवरचा हौद

कमी खर्चात, एका दिवसात सिन्नर बघून यायचा इराचा बेत दोनदा फसला होता. पहिल्यांदा बाबांना सातपूरच्या कारखान्यात जादा पाळी लागली. दुसऱ्यांदा गोविंदकाकाची गाडी ऐन वेळी गॅरेजात गेली. म्हणून या वेळी इराने गाडीचा नादच सोडला. एसटीने जायचं, डबे घरून न्यायचे, गोंदेश्वराचं देऊळ निवांत बघायचं आणि संध्याकाळी नाशिकला परत.

तिच्याबरोबर आतेभाऊ शौनक आणि शेजारची योगिनी असे दोघे होते. मुलींना एसटीत अर्धं तिकीट. शौनकला नुकतंच तेरावं लागल्याने त्याचं मात्र पूर्ण, आणि हा अन्याय तो आठवडाभर सगळ्यांना ऐकवत होता. "मग खिडकीत तू बस आणि पैसे वसूल कर," असं सांगून योगिनीने त्याला गप्प केलं.

मोठं माणूस सोबत हवंच, असं आईने बजावल्यामुळे गोविंदकाका बरोबर निघाला. इराला तीच धास्ती होती. काका प्रेमळ होता, पण त्याची पाच मिनिटं कधी संपत नसत.

मोहदरीचा घाट सुरू झाला. उघड्याबोडक्या डोंगरात मध्येच एखादा पळस लालभडक पेटलेला दिसत होता. इरा ते बघण्यात रमली असतानाच काका उठला आणि कंडक्टरला पुढच्या फाट्यावर थांबायला सांगू लागला. अंबडच्या कंपनीतला त्याचा दोस्त वाल्मीक तिथे राहत होता. आपण नुसतं डोकावून पुढची बस पकडू, असं काका म्हणाला.

"काका, आपलं तसं ठरलं नव्हतं," इरा म्हणाली.

"अगं, पाच मिनिटं."

ऊन डोक्यावर आलं तरी ती पाच मिनिटं चालूच होती. वाल्मीकच्या ओसरीवर चहा झाला, मग द्राक्षाच्या भावाची चर्चा, मग कंपनीतल्या साहेबांची उणीदुणी. वाल्मीकच्या बायकोने, ज्योत्स्नाकाकूने, जेवूनच जायचा आग्रह धरला. इराने दोनदा घड्याळ दाखवलं. दोन्ही वेळा काकाने हसून मान डोलावली आणि बोलणं पुढे चालू ठेवलं. रडू येईल या भीतीने ती उठून बाहेर गेली. मागोमाग शौनक आणि योगिनीही निघाले.

वाल्मीकच्या द्राक्षबागेला लागून रस्त्याकडेला गावाचा दगडी हौद होता. गुरं आणि शेरडं तिथेच पाणी पीत. हौदाशी चतुराबाई नावाची म्हातारी आपल्या शेळ्यांना पुढे ढकलत होती. भर उन्हातून आलेल्या तहानलेल्या शेळ्या पाण्याला तोंड लावत आणि झटकन मागे सरत.

"पीतच नाय बघा," चतुराबाई म्हणाली. "माझी दोन करडं मेली हो ह्या पाण्यानं. गावात सांगितलं, तर म्हणत्यात म्हातारीला भरपाई पायजे, म्हणून वरडती."

त्या करडांना आपण बाटलीने दूध पाजलं होतं, असं ती सांगू लागली. इराचा स्वतःचा राग क्षणात मागे पडला.

तिने दोघांना पाण्याला हात लावायचा नाही असं बजावलं आणि वाकून बघितलं. पाण्यात सोडलेल्या छोट्या मोटरभोवतीच्या दगडावर फिकट निळा थर बसला होता. मोटरचा पाइप बांधावरून वर गेला होता. त्याचं दुसरं टोक ट्रॅक्टरमागच्या फवारणीच्या टाकीत सोडलेलं होतं. टाकीच्या कडेलाही तसाच निळा थर.

"हे तर मोरचूद," योगिनी म्हणाली. तिच्या मामाची दिंडोरीला बाग होती. "छाटणीनंतर फवारतात. पण पाणी हौदातून टाकीत जातं ना? मग औषध इकडे कसं येईल?"

शौनक पाइपकडे टक लावून बघत होता. घरी माशांच्या काचपेटीतलं पाणी बदलायचं काम त्याचं होतं. पेटी उंच, बादली खाली, मध्ये पाण्याने भरलेली नळी, की पाणी आपोआप खाली येतं.

"टाकी वर आहे आणि हौद खाली," तो सावकाश म्हणाला. "मोटर बंद झाली की टाकीतलं सगळं उलट येत असणार."

तिघे धावत ओसरीवर गेले. वाल्मीकने त्यांचं म्हणणं अर्धवटच ऐकलं. त्याची मोटर पाणी वर चढवते, खाली आणत नाही, आणि शहरातल्या पोरांनी शेती शिकवू नये, असं त्याने हसत सांगितलं. काकानेही त्यांना दुसऱ्याच्या घरी नीट वागायला सांगितलं. इराची कानशिलं तापली. एवढं बोलून कोणी ऐकत नसेल, तर त्यांना दाखवावंच लागणार होतं.

ती स्वयंपाकघरात गेली आणि ज्योत्स्नाकाकूला सगळं सांगून हळद मागितली. काकूने तिच्याकडे नीट बघितलं आणि डबाच हातात दिला.

मग इरा गोड आवाजात वाल्मीककडे वळली. टाकी कशी भरतात, ते आम्हाला बघायचंय, असं ती म्हणाली. एवढ्यावर वाल्मीक खुलला. सकाळी धुऊन ठेवलेल्या टाकीत त्याने साधं पाणी सोडलं. टाकी भरत आल्यावर त्याने सवयीने मोटर बंद केली आणि पाइप तसाच ठेवून काकाशी गप्पा मारू लागला. तेवढ्यात शौनकने चाकावर चढून डबाभर हळद टाकीत ओतली. योगिनी काठीने ढवळू लागली.

थोडा वेळ काहीच झालं नाही. शौनकचा चेहरा उतरला. मग मोटरखालून एक पिवळा ढग निघाला आणि हौदात पसरू लागला.

"वाल्मीककाका," इरा म्हणाली, "मोटर बंद आहे ना?"

वाल्मीकने बटणाकडे बघितलं, हौदाकडे बघितलं. तो आधी ओरडलाच, हळद कोणी टाकली म्हणून. पण ज्योत्स्नाकाकू पुढे आली. "हळद दिसली तरी," ती म्हणाली. "फवारणीच्या वेळी रोज लाइट जाते. तेव्हा काय काय उतरलं असेल?"

वाल्मीकने पाइप उपसून काढला आणि चतुराबाईसमोर जाऊन हात जोडले. करडं भरून देण्याचं कबूल केलं. हौद रिकामा करून घासायला गावातली माणसं जमली, तोवर शेळ्यांना घरचं पाणी मिळालं. जो तो येऊन मुलांना शाबासकी देत होता. चतुराबाईने तिघांच्याही तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

इरा हसत होती, पण तिचं लक्ष रस्त्यावर होतं. सिन्नरची बस धूळ उडवत फाट्यावरून निघून गेली. आता तिला खरोखरच रडू आलं.

ते काकाने बघितलं. त्याने वाल्मीकचं बोलणं मध्येच तोडलं आणि त्याची पिकअप गाडी मागितली.

गोंदेश्वराच्या आवारात सगळे पोचले तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. रखवालदाराने सांगितलं, थोडाच वेळ आहे. काळ्या दगडावरचे हत्ती आणि नर्तकी तिरप्या उन्हात उठून दिसत होत्या. योगिनी हत्तींची रांग बघत पुढे पळाली, शौनक तिच्यामागे.

काका इराजवळ आला. "चुकलं माझं," तो म्हणाला. "तुम्ही दोनदा सांगितलंत आणि मी दोन्ही वेळा ऐकलं नाही. आता कुठून बघायचं, तू सांग."

"आधी डबे काढ," इरा म्हणाली. "मला कधीची भूक लागली आहे."