शिंपल्यांची पायवाट

या बाळांनो, सरका जरा जवळ. मागच्या बाकावरचे, तुम्हीसुद्धा या. ही गोष्ट ओरडून सांगायची नाही. आमचे पास्टर मोझली बोलता बोलता गाऊ लागतात, तसा गळा देवानं मला दिला नाही. पण ईस्टरच्या सुट्टीत आमच्या हेरॉन लँडिंग गावच्या तीन पोरांनी एका मोठ्या साहेबाला माळावर असं उभं केलं, की त्याला पाय कुठं ठेवावा तेच कळेना! तेवढं मात्र मला सांगता येईल. ऐका तर.

"डावीकडे हो, जेरिको! तुझं डोकं पुलात घुसतंय!"

"घुसू दे की! पुलाला जरा शोभा येईल!"

नदीकाठच्या माळावरल्या नव्या लाकडी मनोऱ्यावर टेविया उभी होती, गळ्यात शाळेचा कॅमेरा. खाली तिचा मामेभाऊ जेरिको कागदी पिशवीतल्या उकडलेल्या शेंगा खात मुद्दाम मध्ये मध्ये येत होता. शेजारची लूझ गवतावर पालथी पडून आपल्या फोननं नेम धरत होती. ती बोलायची कमी आणि बघायची जास्त.

शाळेनं छायाचित्र स्पर्धा ठेवली होती: 'आपलं गाव, आपलं शहर'. पहिल्या फोटोला गावच्या कॅलेंडरचं मुखपृष्ठ आणि नवाकोरा कॅमेरा! आणि फोटो काढावा तर याच माळावरून. समोर नदी, नदीवर पूल, पलीकडे शहराच्या काचेच्या इमारती. सगळं एका चौकटीत.

अडचण एकच होती. माळाच्या गवतात जिकडेतिकडे शंख, शिंपले, फुटक्या बश्या, कंदिलाच्या काचा. उद्यान खात्याचे प्रमुख मिस्टर कॉबर्न सुट्टीआधी शाळेत आले आणि म्हणाले, "मुलांनो, काही अडचण?" तेव्हा जेरिको टुणकन उठला होता.

"साहेब, त्या माळावर कुणाच्यातरी आजीची अख्खी मांडणी सांडलीय! पुलाचा फोटो काढायला जावं तर मध्ये किटली!"

सगळी शाळा हसली. कॉबर्नसाहेबही हसले. "सुट्टी लागायच्या आत साफ!" म्हणाले.

आणि खरंच साफ! गवत कापलेलं, एक काच शिल्लक नाही. शिवाय रस्त्यापासून मनोऱ्यापर्यंत नवी पांढरीशुभ्र पायवाट, चालताना कुरकुर वाजणारी.

"बघा, माझ्या एका शब्दावर सरकार हलतं!" जेरिको छाती काढून म्हणाला.

"श्श!" लूझ म्हणाली. "तिकडे कोण आहे बघ."

माळाच्या मधोमध जांभळी टोपी घातलेली एक म्हातारी बाई गुडघ्यांवर बसली होती. शेजारी पाण्याची बादली, हातात फडकं. ती जमीन चाचपत होती, अंधारात काडेपेटी शोधावी तशी.

"मिस अर्डेल!" टेविया धावत खाली आली. चर्चमध्ये दुसऱ्या रांगेत बसून सगळ्यांच्या आधी 'आमेन' म्हणणाऱ्या मिस अर्डेल! "काय हरवलं हो?"

"हरवलं?" मिस अर्डेलनी मान वर केली. "मी नाही गं हरवलं. माझं कुणीतरी उचलून नेलं. माझी ड्रुसिला कुठं आहे?"

"कोण ड्रुसिला?"

"माझी धाकटी बहीण. इथं निजलीय ती. तिच्यावर मोठे शंख होते, पांढरे. आणि आईचं निळ्या फुलांचं साखरेचं भांडं. दर ईस्टरला मी येते, शंख धुते. आता कुठं धुवू? काय धुवू?"

जेरिकोच्या हातातली पिशवी कलंडली. शेंगा गवतात सांडल्या.

"म्हणजे... ती भांडी... ती थडगी होती?"

"मग काय भातुकली होती? दगड कोरून घ्यायला पैसा कुणाकडे होता? माणूस गेलं की त्याचा कप, त्याची बशी, त्याचा कंदील ठेवायचा. आणि नदीचे शिंपले. माझे आजी-आजोबा इथंच आहेत. अर्धं गाव इथं आहे."

जेरिको पुढं झाला. "मिस अर्डेल, मीच सांगितलं साहेबांना. साफ करा म्हणून. मी विनोद केला."

मिस अर्डेल त्याच्याकडे वळल्या. आता ओरडतील असं वाटलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुला कुणी सांगितलं होतं का, इथं काय आहे ते?"

"नाही."

"नाहीच सांगितलं. पोरांच्या डोक्यावर कशाला दुःखाचं ओझं, म्हणून आम्ही सगळे गप्प बसलो. आणि आता दर ईस्टरला इथं येणारी मीच एकटी उरले." त्यांनी बादलीतलं पाणी गवतावर ओतून टाकलं. "सोमवारी इथं डांबर पडणार. गाड्या उभ्या करायला. फलक लागलाय, वाचला नाहीत?"

फलक सगळ्यांनी वाचला होता. 'निसर्गरम्य स्थळ, वाहनांसाठी जागा लवकरच.' टेवियानं तर त्याचा फोटोही काढला होता.

गुड फ्रायडेला भर दुपारी कॉबर्नसाहेब माळावर आले, कारण टेवियानं त्यांच्या कचेरीत तीनदा फोन केला होता. डोक्यावर ऊन, पायांखाली सपाट हिरवं गवत.

"दाखवा," साहेब कमरेवर हात ठेवून म्हणाले. "कुठंय थडगं?"

मुलांनी पाहिलं. मिस अर्डेलनी पाहिलं. काहीच दिसत नव्हतं. उंचवटा नाही, खड्डा नाही.

"माझ्या नकाशात ही मोकळी जागा आहे, बाळांनो. रिकामी. आजींचं वय झालंय, या वयात जागांची सरमिसळ होते."

"माझी सरमिसळ होत नाही!" मिस अर्डेल म्हणाल्या. "तुझ्या बापाला मी चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवलंय, प्रेंटिस कॉबर्न!"

"हो हो, शिकवलं असेल," साहेब मवाळपणे म्हणाले. त्या मवाळपणाचाच टेवियाला जास्त राग आला.

"आणि शंख कुठं टाकले?" लूझनं विचारलं.

"कचरा कुठं जातो ते मी विचारत बसत नाही," साहेब म्हणाले आणि पांढरी पायवाट कुरकुर वाजवत गाडीकडे निघून गेले.

त्या संध्याकाळी तिघं टेवियाच्या घराच्या पायऱ्यांवर बसली होती. घरातून तळलेल्या माशाचा वास येत होता, पण जेवायला कुणी उठेना. टेविया कॅमेऱ्यातले फोटो पुढंमागं करत होती.

"सगळे दुपारचे. सगळे सपाट. चपातीसारखे!"

"माझा बघ," लूझ म्हणाली. "काल तुम्ही गेल्यावर मी थांबले होते. सूर्य बुडताना."

टेवियानं फोन हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. तोच माळ. पण गवतावर सावल्यांचे लांबट डाग होते. एकाशेजारी एक, रांगेनं, सगळे एकाच दिशेला तोंड करून.

"ढग असतील," जेरिको म्हणाला, पण त्याचा त्याच्यावरच विश्वास नव्हता.

"ढग रांगेत उभे राहतात होय रे? शाळेत सांगितलेलं विसरलास? ऊन डोक्यावर असलं की सगळं सपाट दिसतं. ऊन तिरकं आलं की बोटभर खळग्यालाही सावली पडते!" टेविया उभीच राहिली. "जमीन खचलीय! प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी!"

तिघं धावत माळावर गेली. सूर्य पुलाच्या मागे उतरत होता आणि माळ त्यांच्यासमोर उलगडला. खळगेच खळगे, सावलीनं काठोकाठ भरलेले. काही मोठे. काही इतके लहान, की लूझनं तोंडावर हात ठेवला.

शनिवारी कचेरीला सुट्टी. टेवियानं साहेबांच्या फोनवर लूझनं काढलेला फोटो पाठवला. उत्तर आलं: 'छान फोटो. पण हल्ली फोनमध्ये कसल्याही सावल्या घालता येतात. ईस्टरच्या शुभेच्छा.'

"शुभेच्छा!" जेरिकोनं दगडाला लाथ मारली. दगड पायवाटेवर जाऊन पडला. लूझ तो उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"टेविया. इकडे ये."

पांढऱ्या चुऱ्यातून तिनं नखाएवढा एक तुकडा उचलला. त्यावर निळं फूल होतं. अर्धंच.

मग तिघांनी ओंजळी भरभरून पाहिलं. शंखांची कड. शिंपल्यांचा चुरा. कपाचा कान. गावच्या माणसांच्या थडग्यांवरचं सगळं काही यंत्रात घालून दळलं होतं आणि त्याची सुंदर पायवाट केली होती. सगळ्या शाळेची पोरं तिच्यावरून फोटो काढायला जात होती. ही तिघंही तीन दिवस जात होती.

जेरिको पायवाटेवरून बाजूला झाला, बूट काढले, उलटे करून झटकले आणि रडायला लागला. कुणी त्याला चिडवलं नाही.

"बास," शेवटी टेविया म्हणाली. "साहेबांना सोमवारच्या आत इथं आणायचं. सकाळी. सूर्य उगवताना."

"आपण बोलावलं तर येणार नाहीत."

"आपण बोलावलं तर नाही," जेरिकोनं नाक पुसलं. त्याचे डोळे लाल होते, पण त्यांत जुनी चमक आली होती. "कॅलेंडरनं बोलावलं तर?"

त्यानं स्वतःच फोन लावला. काय गोड आवाज! "साहेब, तुमचा माळ इतका सुंदर झालाय! ईस्टरची पहाट, मागे नदी, आणि मध्ये तुम्ही! स्पर्धेला हाच फोटो द्यावा म्हणतो. तो फिका सूट आहे ना तुमचा? तोच घाला!"

साहेब 'विचार करतो' म्हणाले नाहीत. 'किती वाजता?' म्हणाले.

मग तिघं पास्टर मोझलींकडे गेली. ते या गावात नवीन. त्यांनाही माळाचं कुणी सांगितलं नव्हतं. सगळं ऐकून ते खिडकीपाशी गेले. "उद्या मी मेलेल्यांच्या उठण्याबद्दल बोलणार," म्हणाले, "आणि आपले मेलेले कुठं आहेत ते मला शाळेतली पोरं सांगतायत." पहाटेची प्रार्थना या वर्षी चर्चच्या अंगणात नाही, माळावर होणार, असं त्यांनी घरोघर कळवलं.

रविवारी दव पडलं होतं. माळाच्या कडेला सगळी मंडळी जमली; टोप्या, फुलं, शाली ओढलेली म्हातारी माणसं. कॉबर्नसाहेब फिक्या सुटात आले आणि एवढे लोक बघून खूशच झाले.

"मधोमध उभे राहा, साहेब!" टेविया मनोऱ्यावरून ओरडली.

"इथं?"

"थोडं उजवीकडे. अजून. बास! हलू नका!"

सूर्य वर आला. तिरकं ऊन माळावरून सरपटत गेलं, आणि कडेला उभ्या असलेल्या लोकांतून एकदम हुंकार उठला. साहेब हसरा चेहरा धरून उभे होते. त्यांना वाटलं, लोक आपल्यालाच बघतायत.

टेविया खाली आली आणि तिनं कॅमेरा त्यांच्यासमोर धरला.

पडद्यावर सावल्यांच्या रांगा होत्या. आणि फिक्या सुटातला माणूस त्यांतल्या एका खळग्यात उभा होता. खळग्याची लांबी त्याच्या उंचीच्या निम्मीही नव्हती.

साहेबांनी खाली पाहिलं. झटकन पाऊल मागे घेतलं, ते दुसऱ्या खळग्यात पडलं. ते बाजूला सरले, तिथंही तेच. एक पाय उचलून ते तसेच थांबले. मग त्यांनी टोपी काढली. खिशातून फोन काढला.

"उद्याचं काम बंद," ते फोनमध्ये म्हणाले. "नाही, पुढं ढकललेलं नाही. बंद."

तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पास्टर मोझली पुढं आले. "आज मी प्रभूच्या रिकाम्या थडग्याबद्दल बोलणार होतो," ते म्हणाले. "पण इथं एकही रिकामं नाही." आणि त्यांचा आवाज बोलण्यातून हळूच सुरात चढला. ते विचारत होते, इथं कोण आहे? आणि मंडळी गाऊनच एकेक नाव देत होती. कुणाची पणजी, कुणाचा काका, कुणाचं नाव न ठेवलेलं बाळ. असा सूर उठला, की पुलावरच्या गाड्या थांबल्या. पण नावं संपली, आणि खळगे उरलेच.

टेवियानं मिस अर्डेलना हात धरून माळावर नेलं. "सांगा, तुमची ड्रुसिला कुठली?"

मिस अर्डेल एका लहान खळग्यापाशी थांबल्या. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. "भांडं असतं तर सांगितलं असतं," त्या म्हणाल्या. निळ्या फुलाचा तुकडा मुठीत घेऊन त्या लहान खळग्यांच्या मधल्या गवतावर बसल्या आणि तिथूनच सगळ्यांकडे पाहत राहिल्या.

पुढं पायवाट उकरली गेली आणि तिचा चुरा बादल्यांनी माळभर पसरला गेला, ज्याचा त्याला तर कुठून मिळणार? शाळेच्या मुख्याध्यापिकांनी सगळ्यांसमोर तिघांचं कौतुक केलं, पास्टर म्हणाले, "मोठ्यांनी मिटलेले डोळे या पोरांनी उघडले." कॉबर्नसाहेबांनी नकाशा दुरुस्त केला आणि माफीही मागितली, जेरिकोसुद्धा शेजारी उभा राहून मागत होता. स्पर्धेचं बक्षीस मात्र दुसऱ्याच कुणाच्या सूर्यास्तातल्या पुलाला मिळालं. परीक्षक म्हणाले, टेवियाच्या फोटोत निसर्ग दिसत नाही.

मिस अर्डेल त्याच वर्षी, पानं गळायच्या सुमारास गेल्या. जायच्या आधी त्यांनी टेवियाला बहिणीबद्दल जे जे आठवत होतं ते सांगितलं. ते फार नव्हतं. ड्रुसिला सहा वर्षांची होती. तिला तापानं नेलं. तिला शिट्टी वाजवता यायची, आणि चर्चमध्ये वाजवली म्हणून एकदा मार बसला होता. तिचा फोटो कधी कुणी काढला नाही.

तेव्हा बाळांनो, घरी जाताना कुणाची शिट्टी ऐकू आली, तर त्या पोरीची आठवण काढा. ड्रुसिला तिचं नाव.