रिकॉलला आलेला प्रश्न

ही गोष्ट खरी आहे. पटो न पटो. जिच्यासोबत घडली ती आचल माझी मामेबहीण, आणि खोटं बोलणं तिला लहानपणापासून धड जमत नाही.

गेल्या हिवाळ्यातली संध्याकाळ. कारंजा घाडगे, हायवेवरचा एक ढाबा.

आचल परदेशातून डॉक्टर होऊन आली होती. पण इथली लायसन्सची परीक्षा पास झाल्याशिवाय त्या डिग्रीला कोणी विचारत नाही. दोनदा नापास झालेली. नातेवाईक 'डॉक्टरीणबाई' म्हणायचे, तेही टोमण्यानं. आता नाही तर कधीच नाही, असं ठरवूनच ती पेपरला बसली होती.

सोबत समुद्रपूरची अपेक्षा. परदेशात सगळी वर्षं एका खोलीत काढलेली जिवाभावाची मैत्रीण. हुशार, पण एका प्रश्नात अडकली की तिथंच. आचल तिला कायम बजावायची, "नाई येत त सोडून देजो. पुढचा पाहजो."

नागपूरला पेपर सुटला. अपेक्षा भावाच्या, नीलेशच्या गाडीवर बसली. सेंटरवर मोबाईल चालत नाही म्हणून तिनं आपला घरीच ठेवला होता, बंद करून.

"घरी पोचली की रिकॉलले येते," म्हणाली.

रिकॉल ही या पोरांची रीतच. पेपर झाला की ग्रुप कॉलवर जमायचं, आठवतील ते प्रश्न सांगायचे आणि उत्तरांवरून भांडायचं.

आचल बाबांसोबत एसटीनं कारंजाला उतरली. बाबा ढाब्यावर ओळखीच्या माणसाशी बोलत बसले. तिनं त्यांच्याकडे ठेवलेला आपला मोबाईल घेऊन कॉल लावला. सोबतच पेपर दिलेला आष्टीचा रजत कॉलवर आला.

"माही त वाट लागली," तो म्हणाला. दोघंही हसले.

तेवढ्यात स्क्रीनवर अपेक्षाचं नाव आलं.

"इतक्या लवकर पोचली व?"

नुसता वारा... आणि श्वास. तोकडा, अर्धवट.

"मले एक प्रश्न आला, आचल."

आवाज तिचाच होता.

"सांग न."

"बाई आहे... आपल्याच वयाची. गाडी कापसाच्या ट्रॉलीवर आदळली. एका बाजूनं श्वासच जाऊन नाई राह्यला. मानेच्या शिरा फुगल्या... पयले काय करायचं?"

आचल खूश झाली. हे तिचं तोंडपाठ होतं.

"एक्स-रे करत नाई बसायचं. जाड सुई छातीत टोचायची, कोंडलेली हवा काढायची. सोपा त आहे."

पलीकडून पुन्हा तोच तोकडा श्वास.

"इथं सुई नाई न..."

आचल हसली. त्या हसण्याची तिला आजही किळस येते.

"मंग ऑप्शन काय होते?"

"ऑप्शनच नाई दिले."

वारा थांबला होता. कुत्रं नाही, गाडी नाही. श्वाससुद्धा...

"मंग काय करू, आचल?"

"काऊन अडकून बसली व त्याच्यात? सोडून दे."

"...बरं. सोडते."

नाव स्क्रीनवरून गेलं.

"पाह न रजत, या अपेक्षाले अजूनही—"

"कोण अपेक्षा?" रजत म्हणाला. "तूच एकटी बडबडून राह्यली. मले वाटलं, बाबासंग बोलून राह्यली."

जेवायच्या वेळेला समुद्रपूरहून फोन आला. जामच्या अलीकडे अपघात. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. अॅम्ब्युलन्स पोचेपर्यंत अपेक्षा गेली होती.

तिचा मोबाईल घरीच होता. कपाटात, बंद. तिच्या आईनं, लीलाबाईंनी, स्वतः काढून दाखवला.

तेरवीला आचल गेली. नीलेश हाताला प्लास्टर घालून शेजारी येऊन बसला.

"ताई, शेवटपर्यंत शुद्धीत होती थे. मी म्हणलं, बोलू नको. पण थे कोणाशी तरी बोलतच होती. मंग म्हणे, 'बरं, सोडते'... आन माहा हात सोडला."

तो प्लास्टरकडे पाहत राहिला.

"कोण म्हणलं असन ताई तिले, सोड म्हणून?"

आजवर आचलनं त्याला सांगितलेलं नाही.

निकाल लागला. ती पास झाली. घरी पेढे आले, तिनं एकही तोंडात घातला नाही.

आता ती सरकारी दवाखान्यात काम शिकते. एप्रनच्या खिशात कायम एक जाड सुई, पाकिटासकट. आणि दिवेलागण झाली की मोबाईल हातात घेऊन बसते.

"कोणाचा यायचा आहे?" मी एकदा विचारलं.

"तिचा आला त या वेळी पयले हेच विचारीन," ती म्हणाली, "तू कुठं पडली आहे?"

परवा मी तिच्या शेजारीच होतो. मोबाईल वाजला नाही. तरी ती दचकली... तो कानाला लावला, आणि अगदी हळू म्हणाली, "बोल."

मग कितीतरी वेळ ती नुसती ऐकत होती.

स्क्रीन काळी होती. मी पाहिली आहे.