बशीतून सुटलेला पडदा

"थांब! मारशील त्यांना!"

शाल्मली एवढ्या जोरात ओरडली की यंत्रमानवाचा हात हवेतच थबकला. त्या हातात बशी होती आणि बशीत तिच्या बाबांच्या पेशी (शरीर ज्यांनी बनतं त्या अतिसूक्ष्म विटा). उबदार पेटीत जिवापाड जपून वाढवलेल्या. आणि हा शहाणा ती बशी गार तबकावर ठेवायला निघाला होता!

राग तर तिच्या नाकावरच होता. इचलकरंजीच्या रंगकारखान्यात नळी फुटली आणि दाहक द्रावण बाबांच्या दोन्ही डोळ्यांत उडालं. सुरक्षेचे चष्मे कुलूपबंद कपाटात होते. "कामगारच बेपर्वा," असं मालक टीव्हीवर म्हणाला, तेव्हा शाल्मलीने पडद्यावर चप्पल फेकली होती. बाबांचं पारपटल (बुबुळावरचा पारदर्शक पडदा) पांढुरकं झालं. फक्त उजेड तेवढा कळायचा. मग मिरजेच्या या संशोधनशाळेत डॉ. हणमंत कोरे यांनी बाबांच्या गालाच्या आतून चिमूटभर पेशी घेतल्या. त्यांचाच थर डोळ्यांवर बसवायचा होता. कोऱ्यांना सगळे आजोबाच म्हणत.

"आजोबा, पेशींना अंगाएवढी ऊब लागते, तुम्हीच म्हणालात ना? मग हे काय?"

"लागते. पण त्या बशीला घट्ट चिकटल्यात. काढशील कशा?"

"खरवडून."

"फाटतील."

"मग औषध घाला काहीतरी!"

"विकर (शरीरातल्या क्रिया झपाट्याने घडवणारं प्रथिन) घालतात. पण ते बशीवरची पकड कापतं, तसे पेशींनी एकमेकींचे धरलेले हातही कापतं. मग कसला थर? नुसता चुरा."

"म्हणजे काहीच जमत नाही! मग वाढवल्या कशाला?"

आजोबा चिडले नाहीत. "बशीच्या तळाला बहुवारिकाचा लेप आहे. बहुवारिक म्हणजे लहान रेणू एकापुढे एक जोडून झालेली लांबलचक साखळी. उबेत या साखळ्या पाणी झटकून अंग आखडून बसतात. अशा जमिनीवर पेशी पाय रोवतात. गारवा लागला की साखळ्या पाणी पिऊन फुगतात आणि पेशींचे पाय आपोआप सुटतात. कापणं नको, खरवडणं नको."

"थंडीने मेल्या तर?"

"बर्फात नाही घालत गं. माठातल्या पाण्याइतका गारवा, तोही थोडाच वेळ."

"फाटला ना थर, तर कारखान्यासारखी तुमचीही तक्रार करीन!"

"जरूर कर," आजोबा म्हणाले आणि त्यांनी यंत्रमानवाला खूण केली.

बशी गार तबकावर टेकली. बराच वेळ काहीच होईना. शाल्मलीने दातओठ खाल्ले. मग थराची एक कड हलली, दुधावरची साय सुटावी तशी. बघता बघता सगळा थर अखंड सुटला. यंत्रमानवाने तो आधाराच्या चकतीवर अलगद उचलला.

"खालचं चिकट अस्तरही शाबूत आहे," आजोबा म्हणाले. "पेशींनी स्वतःच विणलेलं. त्यामुळे हा एका डोळ्यावर टाक्यांशिवाय बसेल; दुसऱ्या डोळ्यासाठी दुसरी बशी तयार आहे. पलीकडच्या खोलीत हृदयाच्या पेशींचे थर असेच सोडवून एकावर एक रचतोय आम्ही. सगळे एका ठेक्यात धडधडायला लागलेत."

शस्त्रक्रिया झाली. काही आठवड्यांनी पट्टी कायमची काढली, तेव्हा बाबांनी पापण्या मिचकावल्या आणि समोर टक लावून पाहिलं.

"शालू, कपाळाला एवढ्या आठ्या कशाला गं?"

तिला रडू फुटलं. पण आठ्या काही गेल्या नाहीत. "मालकावरच्या आहेत," ती म्हणाली. "मी नाही सोडणार त्याला."

"नकोच सोडूस," बाबा म्हणाले. "आता मीही बघून घेतो त्याला."