श्री, जावक क्रमांक एक

ढवळगावच्या खगोल-श्रवण केंद्रातली थोरली अँटेना त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता कायमची बंद व्हायची होती. बरोबर चार वाजता डॉ. अंबिका दिघे काठी टेकत नियंत्रण कक्षात आल्या. वय एकोणनव्वद. त्यांनी शेवटचा एक तास मागितला.

त्यांना नाही म्हणायची कुणाची छाती होती? अठ्ठावन्न वर्षांपूर्वी ‘सारिका’ हे यान सूर्यमालेबाहेर निघालं, तेव्हा त्याची सगळी आज्ञावली या बाईंनी लिहिली होती. चार हजार कार्डांना भोकं पाडून! त्या काळी संगणकाच्या खोलीत बाई दिसली तर ती झाडायला आली असं समजत. अंबूताई चपला बाहेर काढून आत शिरल्या आणि तीस वर्षांनी प्रमुख होऊनच बाहेर आल्या. त्यांची पावलं ओळखून तापलेलं यंत्र गार पडायचं, असं जुने लोक शपथेवर सांगतात. तेवढं सोडून द्या. बाकीचं मात्र घडलेलं आहे.

एक खोड होती त्यांना. वडील पोस्टमास्तर, त्यामुळे कुठलाही कागद वर ‘श्री’ आणि त्याखाली जावक क्रमांक घातल्याशिवाय पुढे सरकायचा नाही. सारिकेलाही त्यांनी तेच वळण लावलं. प्रत्येक संदेशाच्या डोक्यावर चौसष्ट टिंबांची ठरलेली नक्षी, तीच श्री, आणि खाली एकेकाने वाढणारा आकडा. तेव्हाचे साहेब भडकले होते, "अहो दिघे, यंत्राला देव कशाला?"

"देवासाठी नाही, साहेब. कानासाठी."

सारिकेने एक्केचाळीस हजार दोनशे सात पत्रं धाडली आणि अकरा वर्षांपूर्वी ती मुकी झाली.

"मॅडम, तास तुमचाच," केंद्राचे संचालक डॉ. सोनटक्के म्हणाले. "पण सारिका दीडलाच मावळली. आत्ता ती पायाखाली आहे, पृथ्वीच्या पलीकडे."

"म्हणून तर ही वेळ मागितली. शबाना, अँटेना सारिकेच्या बरोब्बर उलट्या दिशेला वळव."

अँटेना चालवणाऱ्या शबाना इनामदारने संचालकांकडे पाहिलं. संचालकांनी छताकडे पाहिलं.

"वय झालंय म्हातारीचं, असं म्हणताय ना मनात?"

"नाही हो, मॅडम!"

"म्हणा, म्हणा. पण आधी एक सांगा. सारिका आपल्याशी बोलायची तेव्हा तिचा आवाज आपल्या दारात येऊन थांबायचा का?"

"थांबेल कसा? चिमूटभर आपल्या अँटेनेत पडायचा. बाकीचा..." सोनटक्के अडखळले. "बाकीचा पुढे जायचा."

"सरळ पुढे. त्या वाटेवर वीस प्रकाशवर्षांवर एक लालसर तारा आहे. आपली सगळी टपालं तिकडे गेली आहेत."

"पण ताई, टॉर्चच्या दिव्याएवढा आवाज तो," शबाना म्हणाली. "तिथे पोचेस्तोवर नुसती खरखर उरेल."

"एका पत्राची खरखरच. पण हजारो पत्रं एकावर एक ठेव. खरखर दर वेळी निराळी, ती एकमेकीला पुसून टाकते. श्री दर वेळी तीच, ती उठून दिसते. वीस वर्षं जायला, वीस यायला. अठ्ठावन्नातून गेली, किती उरली?"

"अठरा."

"तिकडे कुणी असेल तर त्यांना कान देऊन बसायला तेवढी पुरतील, असा माझा हिशेब आहे. चुकला तर लावा टाळं."

अँटेना कुरकुरत वळली. साडेचार वाजले. खरखर. पावणेपाच. खरखर. खाली आवारात अँटेना उतरवणाऱ्यांचा ट्रक येऊन थांबला. अंबूताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. आयुष्यभराचा हट्ट होता तो, आणि हातात पंधरा मिनिटं.

पाचला सहा मिनिटं असताना पडद्यावर एक टिंब उजळलं. मग दुसरं. संगणक खरखरीचे थर एकावर एक रचत होता, आणि चौसष्ट टिंबं एकेक करून आपापल्या जागी येऊन बसत होती.

"श्री!" शबाना ओरडली.

सोनटक्के पडद्यापाशी वाकले. मग म्हणाले, "मॅडम, सारिकेचाच आवाज कशावर तरी आपटून परतला असेल. प्रतिध्वनी."

"तसं असेल तर खाली तिचाच आकडा येईल. हजारांतला, नाहीतर हजारोंच्या सरमिसळीचा चिखल. थांबा जरा."

आकडा उमटला. स्वच्छ. एक.

त्याखालचा मजकूर कुणालाच ओळखू येत नव्हता. तसली टिंबं सारिकेने जन्मात कधी धाडली नव्हती.

"हे सारिकेचं नाही," अंबूताई हळूच म्हणाल्या. "पत्राची सुरुवात अशी करतात, एवढंच त्यांना आपल्याकडून कळलं. म्हणून तशी केली. हे त्यांचं पहिलं पत्र आहे, तेच पुन्हा पुन्हा धाडताहेत."

दारात ट्रकवाला मुकादम येऊन उभा राहिला. "साहेब, पाच वाजले. सुरू करू का?"

"ट्रक परत न्या," सोनटक्के म्हणाले.

अंबूताईंनी खुर्ची पुढे ओढली. सारिकेला हुकूम याच अँटेनेतून जायचे, तिची बोलायची कळ अजून जागेवर होती. "घे गं लिहून. श्री. जावक क्रमांक एक्केचाळीस हजार दोनशे आठ. पत्र पावलं. मजकूर कळला नाही. तरी लिहीत राहावं."

शबानाने लिहिलं आणि तिचा हात थांबला. "ताई, याचं उत्तर यायला चाळीस वर्षं लागतील."

"मग बसलीस काय?" अंबूताई म्हणाल्या. "आजचं टपाल चुकेल ना!"